मसाज शिकताना शरीररचना आणि शरीरक्रिया यांचा अभ्यास कसा करावा

मसाज शिकायला येणारे बहुतेक जण हाताच्या कामाला घाबरत नाहीत. ते घाबरतात स्नायूंच्या लांबलचक लॅटिन नावांना. मालवणात प्रशिक्षण घेत असताना मीही ती नावे पाढ्यांसारखी घोकली होती आणि लेखी परीक्षेत ट्रॅपेझियस हा मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला स्नायू कुठून निघतो व कुठे चिकटतो हे न चुकता लिहिलेही होते. पुढच्याच आठवड्यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणारे एक काका सरावासाठी टेबलावर पालथे झोपले. त्यांचे हात दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होते आणि पुस्तकातल्या चित्रात जिथे खवाट्याची, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाची, आतली कड दाखवलेली असते, तिथे माझ्या बोटांना नुसते मांसच लागत होते. हात असा खाली सोडला की खवाटा बरगड्यांवरून बाहेर सरकतो, ही साधी गोष्ट त्या चित्राने मला सांगितली नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक नाव आधी बोटांनी शोधते आणि मग पुस्तकात वाचते. नव्या विद्यार्थ्यांनाही हाच क्रम सुचवते.

सुरुवात हाडांपासून करावी, कारण हाड जागा सांगते. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. घरात आयुर्वेदाचे वातावरण असलेला विद्यार्थी इथे हमखास अडतो, कारण त्याने सुश्रुतांची ३०० आणि चरकांची ३६० ही संख्या ऐकलेली असते. चरकांच्या मोजणीत दात आणि नखेही धरलेली आहेत, एवढे समजले की तो वाद मिटतो. सगळी हाडे एकदम पाठ करण्याची घाई नको. पाठीवर काम सुरू करायला चार खुणा पुरतात. मान पुढे वाकवल्यावर तळाशी सर्वांत ठळक उंचवटा लागतो, तो बहुधा मानेचा सातवा मणका असतो. हात सैल सोडून बसलेल्या माणसाच्या खवाट्याचे खालचे टोक साधारणपणे छातीच्या सातव्या मणक्याच्या पातळीवर येते. कमरेवर हात ठेवून उभे राहिल्यावर ते हाडाच्या ज्या कडांवर टेकतात, त्यांना जोडणारी रेघ कमरेच्या चौथ्या मणक्याजवळून जाते. आणि त्याखाली दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या खळ्या त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाच्या तिकोनी हाडाच्या) दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर असतात.

या खुणा बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या पाठीवर काजळाच्या पेन्सिलीने काढाव्यात आणि मधले मणके बोटाने मोजावेत. मानेच्या सातव्या मणक्यापासून खवाट्याच्या टोकाच्या पातळीपर्यंत खाली सात, आणि तिथून कमरेच्या रेघेपर्यंत नऊ मणके भरले पाहिजेत. भरलेल्या अंगाच्या पाठीवर ही मोजणी चुकते, माझी अजूनही चुकते. चुकली की पुन्हा वरून सुरुवात करावी. मग तिला एक हात डोक्यावर न्यायला सांगावे आणि खवाट्याच्या टोकाची खूण तिथेच राहून तिच्याखालचे हाड कसे निघून जाते ते पाहावे. काम संपल्यावर काजळ खोबरेल तेलाने सहज निघते.

स्नायू शिकताना प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: हा कुठून निघतो, कोणता सांधा ओलांडून कुठे चिकटतो, आणि आखडला की काय हलते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नीट आली तर तिसरे पाठ करावेच लागत नाही. नावांचीही भीती बाळगू नये, कारण ती ठेवणाऱ्यांनी आपल्यासारखेच डोळ्यांना दिसले ते नाव दिले आहे. गॅस्ट्रोक्नेमियस या ग्रीक नावाचा अर्थ ‘पायाचे पोट’ असा होतो, आणि भात फुगून आले की ‘पोटरीवर आले’ म्हणणाऱ्या आपल्याला त्याचे नवल वाटायला नको. त्याच्या खाली दडलेला चपटा स्नायू म्हणजे सोलियस. चप्पल आणि चपटा मासा या दोघांनाही असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव आले आहे, तेव्हा बाजारातला लेप मासा आठवला की सोलियसचा आकार आठवतो. यातला वरचा स्नायू गुडघा आणि घोटा असे दोन्ही सांधे ओलांडतो, तर सोलियस फक्त घोटा. म्हणून गुडघा वाकवून पायाखाली उशी दिली की वरचा सैल पडतो आणि हात सोलियसपर्यंत पोचतो. उगम आणि शेवट शिकायचे ते यासाठी.

दुसरा प्रयोग स्वतःवर करावा. कोपराखालचा मांसल भाग दुसऱ्या हाताने धरून बोटे एकेक करून मिटली, तर हालचाल धरलेल्या हाताखाली जाणवते. बोटे मिटवणारे मोठे स्नायू तिथे आहेत; मनगटापुढे जातात त्या त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या. दिवसभर रापणीचा दोर ओढलेल्या माणसाचा तळहात अर्धा तास चोळणाऱ्या विद्यार्थ्याने निम्मे काम चुकीच्या जागी केलेले असते.

स्नायूवरचे आवरण, ज्याला फॅशिया म्हणतात, ते चित्रात कधीच नीट कळत नाही. घरी मटण आणले की एखादा तुकडा धुताना त्यावरची पांढरट, ओली, कागदासारखी पातळ झिल्ली नखाने सोलून पाहावी. ती एका बाजूला ओढली की थोडी ताणते आणि मग हट्टाने थांबते, आणि दोन स्नायूंच्या मधून ती आत शिरलेलीही दिसते. खूर मिळाले तर त्यातली दोरीसारखी कंडरा आणि सांध्यावरची गुळगुळीत निळसर कूर्चा (हाडाच्या टोकावरचे लवचीक आवरण) यांतला फरक एका सकाळी समजतो.

शरीरक्रियेच्या धड्यांत मात्र पाठांतराने फारसे साधत नाही. तिथला प्रत्येक मुद्दा वाचून झाला की ‘मग माझ्या हाताने काय करायचे?’ असे वहीत लिहावे आणि उत्तर सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. पायातले रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू शिरा दाबतात आणि शिरांतल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. म्हणून पायावर दाब देत हात न्यायचा तो घोट्याकडून मांडीकडे. टेबलावर तासभर शांत पडल्यावर काहींचा रक्तदाब उठताना एकदम उतरतो. म्हणून गिऱ्हाइकाला, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला, आधी बसवावे आणि मग उभे करावे. व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी येणारी ठणक लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे येते आणि मसाजने ते ‘निघून जाते’, हे वाक्य आमच्या क्षेत्रात अजून ऐकू येते. प्रत्यक्षात ते साधारण तासाभरात शरीर स्वतःच उरकते. जे ठाऊक नाही ते गिऱ्हाइकाला सांगू नये, हा शिष्टाचारही याच वहीत लिहून ठेवावा.

कुठे दाबू नये, हा धडा शेवटासाठी ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. तो पहिल्याच आठवड्यात घ्यावा. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, जांघेत आणि गुडघ्यामागच्या खळग्यात मोठ्या रक्तवाहिन्या वरच असतात, त्यामुळे तिथे खोल दाब नको. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर शिरेत गुठळी असू शकते. तेल उघडूही नये, डॉक्टरकडे पाठवावे. जुना मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, तेव्हा ‘दाब बरा आहे’ या त्यांच्या उत्तरावर विसंबून चालत नाही. मालवण-तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांवर काम करणाऱ्यांनी आज स्कूबा केले आहे का, हेही विचारावे. पाण्यातून वर आल्यानंतर क्वचित कोणाच्या शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे दुखू लागतात, आणि त्याच दिवशी खोल दाबाचा मसाज झालेला असला तर दुखणे कशाचे आहे हे डॉक्टरलाही लवकर ओळखता येत नाही. अशा गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशीची वेळ द्यावी.