ट्यूब ॲम्प घेताय? आधी खोली आणि प्लग बघा. या चुका टाळा

मी गिटारसाठी पहिला ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर, घेतला तेव्हा पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. ४० वॉटचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), ६एल६ ट्यूबची जोडी, बारा इंची स्पीकर. दुकानात ऐकताना अंगावर काटा आला होता. घरी मात्र व्हॉल्यूमचा नॉब दीडच्या पुढे कधी गेलाच नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर आल्या, दोन्ही वेळा शांतपणे बोलल्या, आणि त्यांची झोप मोडली याचं मलाच वाईट वाटलं. दीडवर तो ॲम्प पातळ आणि निर्जीव वाजायचा. वर्षभराने विकला. ॲम्प उत्तम होता, तो माझ्या खोलीचा नव्हता. म्हणून आता कोणी सल्ला मागितला की मी आधी विचारतो: कुठे वाजवणार, आणि कुठल्या प्लगला लावणार?

जास्त वॉट म्हणजे जास्त चांगला

ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. ५० वॉटच्या जागी १०० वॉट घेतले तर फरक पडतो जेमतेम ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. गिटारचे बारा इंची स्पीकर फार कार्यक्षम असतात. एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, ९७ ते १०० डेसिबल सहज देतात. निवासी भागासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. भिंती थोडा आवाज अडवतात हे धरलं, तरी फ्लॅटमध्ये एक वॉटसुद्धा भरपूर होतो.

इथे ट्यूब काम कसं करते ते समजून घ्यायला हवं. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं बटण फिरवल्यावर आवाज यायला अर्धा मिनिट लागायचा, तीच ही काचेची नळी. आतली तार तापली की काम सुरू. ॲम्पमध्ये आधी लहान प्रीॲम्प ट्यूब असतात, बहुतेक वेळा १२एएक्स७, म्हणजेच ईसीसी८३. त्या गिटारचा क्षीण सिग्नल मोठा करतात. मग ईएल८४, ईएल३४, ६व्ही६ किंवा ६एल६ या पॉवर ट्यूब आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्फत स्पीकर हलवतात. प्रीॲम्पमधलं डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो फाटलेला आवाज, मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा, एकूण आवाजाचा नॉब) खाली ठेवूनही मिळतं. पण ज्या भरदार, बोटांच्या जोराला साथ देणाऱ्या आवाजासाठी आपण ट्यूबकडे वळतो, त्याचा मोठा वाटा पॉवर ट्यूब आणि स्पीकर नेटाने कामाला लागल्यावरच येतो.

त्यामुळे घरासाठी १ ते ५ वॉट, किंवा पॉवर कमी करायचा स्विच असलेला ॲम्प. ईएल८४ च्या जोडीवरचा १५ वॉटचा ॲम्प ड्रमरसोबत जॅमरूममध्ये बहुतेकांना पुरतो. ४० वॉट त्यांनी घ्यावेत ज्यांना स्टेजवर मोठा पण स्वच्छ आवाज हवा आहे.

‘ट्यूब’ लिहिलंय म्हणून ट्यूब ॲम्प समजणं

काही मॉडेलमध्ये एकच १२एएक्स७ असते आणि पुढचं सगळं ट्रान्झिस्टरवर चालतं. असे ॲम्प वाईट नसतात, पण विकणाऱ्याला स्पष्ट विचारा: पॉवर ट्यूब कुठल्या आणि किती? उत्तर आलं नाही तर टॉर्च घेऊन मागच्या जाळीतून स्वतः बघा.

प्लगकडे दुर्लक्ष

परदेशातून कोणी अमेरिकेतला ॲम्प आणला, की तो बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला थेट लावला तर नशीब चांगलं असल्यास फक्त फ्यूज जातो. मागच्या पट्टीवर व्होल्ट वाचा. १२० च असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो पट्टीवर लिहिलेल्या वीजवापराच्या दीड ते दुप्पट क्षमतेचा घ्या. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. फक्त ६० साठीच बनवलेला ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो.

त्याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थमधला दाब (व्होल्टेज) मोजून घ्या, तो २३० च्या आसपास यायला हवा. घूंऽऽ असा आवाज घालवायला तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला, तर कृपा करून ऐकू नका. ॲम्पची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, गिटारच्या तारांशी जोडलेली असते. आत बिघाड झाला आणि अर्थ नसला, तर तो करंट तुमच्या हातातून जातो.

घूं आवाज शोधायची रीत सोपी आहे. गिटारची केबल ॲम्पमधून काढा. आवाज गेला तर दोष गिटार, पेडल, केबल किंवा खोलीतल्या डिमरचा. तसाच राहिला तर आतले फिल्टर कपॅसिटर किंवा एखादी ट्यूब. कपॅसिटर वीस-पंचवीस वर्षांत सुकतात. ते बदलायचं काम जाणकाराचंच. तापकीर गल्लीत सुटे भाग मिळतात म्हणून घरी पाठ उघडू नका. आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतो.

स्पीकर न जोडता ॲम्प चालू करणं

ट्रान्झिस्टर ॲम्पला हे बहुतेक वेळा चालतं, ट्यूबला नाही. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब भलताच चढतो, आणि हाच ॲम्पच्या सगळ्यात महाग भागांपैकी एक. ओहमही जुळायला हवेत. ८ ओहमच्या सॉकेटला ८ ओहमचा कॅबिनेट (स्पीकरची पेटी). ८ चे दोन समांतर जोडले तर ते ४ होतात. आणि या जोडणीला गिटारची केबल वापरू नका, तिची तार बारीक असते. जाड स्पीकर केबल वेगळी घ्या.

ट्यूबचा खर्च न धरणं

गिटार ॲम्पच्या नव्या ट्यूब आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, तेव्हा एक जादा जोडी बजेटमध्येच धरा. प्रीॲम्प ट्यूब स्वतः बदलता येते, फक्त ॲम्प बंद आणि थंड हवा. पॉवर ट्यूब जुळवलेली जोडी म्हणून घ्यायच्या, आणि फिक्स्ड बायसचा ॲम्प असेल तर बायसही, म्हणजे पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहावा याची सेटिंग, जाणकाराकडून करून घ्यायचा.

वापरलेला ॲम्प बघायला जाल तेव्हा तो अर्धा तास चालू ठेवायला सांगा. खोलीतला दिवा मालवून पॉवर ट्यूबकडे बघा. तारेचा नारिंगी उजेड ठीक आहे, पण आतली राखाडी प्लेटच लाल व्हायला लागली तर लगेच बंद करा. पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रीॲम्प ट्यूब हलकेच ठोका. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज किंवा शिट्टी आली तर ती ट्यूब बदलावी लागणार. फ्यूज होल्डरही उघडून बघा. लिहिलेल्यापेक्षा मोठा फ्यूज बसवलेला दिसला, तर आधीचा वारंवार जात होता असंच समजा, आणि तो ॲम्प सोडून द्या.

सौदा जमला आणि स्कूटरवरून नेणार असाल, तर थांबा. तापलेली तार नाजूक असते आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत. ॲम्प बंद करा, मालकासोबत चहा घेऊन या. पंधरा-वीस मिनिटांत ट्यूब हाताला गार लागतील, मग उचला.