एनडीएत नाव लागलं नाही? घरात आणि गावात होणाऱ्या या चुका टाळा

एनडीए म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिच्या यादीत नाव नाही असं कळल्यावरचे पहिले पंधरा-वीस दिवस फार जपायचे असतात. निवड न झाल्यानं जेवढं बिघडतं, त्याहून जास्त या दिवसांतल्या घाईच्या निर्णयांनी बिघडतं. पोरगा पहाटेचं धावणं सोडतो. बारावीची पुस्तकं बाजूला पडतात. बाप कापसाच्या पैशातून पुन्हा एखाद्या क्लासची फी भरून मोकळा होतो, आणि मुलगी असेल तर घरात पाहुण्यांची बोलणी सुरू होतात. मी तालुक्याच्या गावी गणित शिकवतो. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरंपोरी या परीक्षेला बसतात, त्यांच्या घरी माझं जाणंयेणं आहे, म्हणून हे लिहितो आहे. हिंमत हारू नका, असं सगळेच सांगतात. मन नेमकं कशानं खचत जातं आणि कुठे सावरता येतं, हे कोणी सांगत नाही.

'एनडीए झालं नाही' एवढ्यावरच थांबणं

ही सगळ्यात मोठी चूक. 'झालं नाही' हे पाच वेगवेगळ्या टप्प्यांवर होऊ शकतं आणि प्रत्येक टप्प्याचा इलाज वेगळा आहे. पेरलेलं उगवलं नाही तर शेतकरी दुबार पेरणीआधी माती उकरून पाहतो: बी खराब होतं, पाऊस लांबला, की खोल पडलं? इथेही आधी तेच करायचं.

लेखीत अडलं असेल तर हिशेब सोपा आहे. गणिताचे ३०० गुण आणि सामान्य क्षमता चाचणीचे ६००, असे दोन पेपर, मिळून ९०० गुण. गणितात १२० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. दुसऱ्या पेपरात १५० प्रश्न, प्रत्येकी चार गुण. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा होतो. आपल्याकडच्या पोरांना स्टेट बोर्डाची सवय असते. एकही प्रश्न सोडायचा नाही, काहीतरी लिहून यायचं, हे दहावीपासून अंगात भिनलेलं. त्याच सवयीनं इथे अंदाजपंचे गोळे भरले जातात आणि येत असलेल्या प्रश्नांचे गुणही कापले जातात. ही परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीच्या संकेतस्थळावर जुने पेपर फुकट मिळतात. त्यातला एक घ्या, अडीच तासांचं घड्याळ लावा आणि प्रत्येक उत्तरापुढे खूण करा: पक्कं येत होतं, अर्धं येत होतं, नुसतं ठोकलं. दोन-तीन पेपरांतच चित्र स्पष्ट होतं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांत गणित कच्चं असणारे त्या मानानं कमी निघतात. ठोकणारे जास्त.

लेखी निघालं आणि एसएसबीच्या, म्हणजे निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्या-मुलाखतीच्या, पहिल्याच दिवशी परत आलात, तर तुम्ही स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे पहिल्या चाळणीत, अडलात. तिथे बुद्धिमत्ता चाचणी असते आणि अर्धा मिनिट दाखवलेल्या धूसर चित्रावर गोष्ट लिहून ती गटापुढे सांगायची असते. त्यानंतर गटाची जी चर्चा होते, तिच्यात आपल्याकडची पोरं गप्प बसतात. घरात मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही ही शिकवण चांगलीच आहे, पण त्या टेबलाभोवती सगळे तुमच्याच वयाचे असतात. याची सवय गावातही लावता येते. संध्याकाळी पाच-सहा जणांनी बसायचं, पेपरातलं एखादं चित्र घ्यायचं, गोष्ट सांगायची आणि मग एका गोष्टीवर एकमत करायचं.

पाचही दिवस राहून शेवटच्या कॉन्फरन्सनंतर, म्हणजे परीक्षकांच्या एकत्र बैठकीनंतर, नाव आलं नाही, तर ते दुखणं सर्वात खोल असतं, कारण तिथे कारण सांगत नाहीत. कारण कळलं नाही की पोरगं सगळ्यात वाईट कारण स्वतःच लावून घेतं: मी गावठी आहे, माझ्यात दमच नाही. परतीच्या गाडीतच वही काढा. मानसशास्त्राच्या चाचण्यांत काय लिहिलं, मुलाखतीत कुठे अडखळलात, मैदानावरच्या गटकामात आपली कोणती कल्पना गटानं उचलली, सगळं आठवेल तसं उतरवा. नागपुरात उतरून गावची एसटी पकडेपर्यंत अर्धं विसरलेलं असतं. ही वही पुढच्या वेळी कोणत्याही गाईडपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मेडिकलमध्ये अडलेल्यांची गडबड वेगळीच. तात्पुरतं अपात्र आणि कायमचं अपात्र यातला फरक घरी कोणाला सांगितलेलाच नसतो. कानात मळ, जास्त वजन, टॉन्सिल, नाकाचं वाकडं हाड, अशा बऱ्याच गोष्टींवर उपचार होतात. त्यासाठी ठरवून दिलेल्या मुदतीत अपील मेडिकल बोर्डापुढे पुन्हा जाता येतं. ही मुदत साधारण ४२ दिवसांची असते. आमच्याकडे यातले पंधरा दिवस रडण्यात आणि पंधरा दिवस 'बघू' म्हणण्यात जातात. कागद हातात पडला त्याच दिवशी त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहा. रंगांधळेपणासारख्या गोष्टीवर मात्र इलाज नाही. तिथे पोराला खोटी आशा लावू नका, आणि त्याच्या लायकीशी याचा काही संबंध नाही हेही स्पष्ट सांगा. खरं तर फॉर्म भरण्याआधीच ग्रामीण रुग्णालयात डोळे, कान, तळपाय, गुडघे तपासून घ्यायला हवेत.

पाचवा टप्पा अंतिम गुणवत्ता यादीचा. एसएसबीनं शिफारस केली, मेडिकलही निघालं, आणि तरी यादीत नाव नाही. अशा पोराला गाव 'नापास' म्हणतं आणि तोही मान खाली घालतो. याच्याइतकं चुकीचं काही नाही. अधिकारी होण्याची पात्रता त्याच्यात आहे, हे निवड मंडळानं मान्य केलेलं असतं. एका वेळी साधारण चारशे जागा, आणि यादी लागते लेखीचे ९०० व एसएसबीचे ९०० मिळून १८०० गुणांवर. अशा वेळी लेखीचे वाढीव गुणच पुढच्या खेपेला कामी येतात. अंतिम निकालानंतर यूपीएससी गुण संकेतस्थळावर टाकते, पण ते काही दिवसच तिथे राहतात. लगेच उतरवून घ्या.

'इंग्रजी येत नाही म्हणून हुकलं'

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्यावर थेट बोलायला हवं. लेखी पेपर हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत असतो, मराठीत नसतो. विदर्भातल्या पोरांना हिंदी लहानपणापासून कानावर पडलेली असते. ती एक सोय आपल्याकडे आहेच, ती वापरा. सामान्य क्षमता चाचणीत २०० गुण नुसत्या इंग्रजीचे असतात हेही खरं, आणि त्याला रोज वाचण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. पण एसएसबीत मोडक्या इंग्रजीपेक्षा पाठ केलेलं इंग्रजी जास्त घात करतं. क्लासनं लिहून दिलेली 'स्वतःची ओळख' जसं बोलणं बोलते, तसं ते पोरगं घरी कधीच बोलत नाही. मुलाखत घेणारा अधिकारी, मानसशास्त्रज्ञ आणि मैदानावरचा गट परीक्षण अधिकारी असे तिघे तुम्हाला वेगवेगळे पाहतात आणि कॉन्फरन्समध्ये एकत्र बसतात. कागदावरचा मुलगा आणि मैदानावरचा मुलगा वेगळा निघाला की ते लगेच उघड होतं. बापासोबत फवारणीला गेलात, आजोबांना दवाखान्यात घेऊन गेलात, गावच्या गणपतीचा हिशेब सांभाळलात, तर तेच सांगा. ते लपवण्यासारखं नाही, आणि जबाबदारी म्हणतात ती हीच.

'सेटिंग'वर विश्वास ठेवणं

निकालानंतर पारावर कोणीतरी हमखास म्हणतं, "पैसे पेरले असते त झालं असतं बाप्पा." हे बोलणं दोन प्रकारे मारतं. एक तर पोराला वाटतं की मेहनतीला किंमतच नाही. दुसरं म्हणजे असं म्हणणाऱ्याच्या मागून कधीकधी दलाल येतो. तिघे परीक्षक, गुणांवर लागणारी यादी, यूपीएससीची लेखी, या साखळीत पैसे घेऊन नाव घालून देतो म्हणणारा माणूस फसवणूक करतो आहे. त्याला एक रुपयाही देऊ नका. आधीच दिला असेल तर लाज बाळगू नका, पोलिसांत जा.

कर्ज काढून लगेच दुसरा क्लास

कापूस विकून आलेला पैसा वर्षभराचा असतो. तो निकालाच्या आठवड्यातच फीमध्ये गेला की त्याचं ओझं पोराच्या मानगुटीवर बसतं आणि पुढची परीक्षा तो देशासाठी नाही, कर्जासाठी देतो. आधी फुकटच्या सोयी पाहा. नाशिकला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. लेखी पास होऊन एसएसबीसाठी पात्र ठरलेल्यांना तिथे मुलाखतीची तयारी करून देतात, राहणं-जेवण मोफत. त्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. तिथले बरेच जण स्वतः फौजेतून आलेले असतात, त्यांच्याशी बोलूनही पोराला बरं वाटतं. घरात लहान भावंडं असतील तर पुढचा विचार आत्ताच करा: चंद्रपूरची सैनिकी शाळा आहे, दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी आणि नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे.

लपवाछपवी, आणि जबरदस्तीचं हसू

गावात निकाल लपत नाही. "काय झालं रे तुयं?" हे विचारणारा दिवसातून दहा वेळा भेटतो. काही घरं सांगतात, निकालच लागला नाही, किंवा पोरगा मामाकडे गेला. मग तो घराबाहेर पडायचा बंद होतो, आणि त्याचं खरं खचणं तिथून सुरू होतं. एकच खरं वाक्य ठरवून घ्या: "यावेळी एसएसबीत राहिलं, सप्टेंबरात पुन्हा बसतो." आईनं, बापानं, पोरानं, सगळ्यांनी तेच सांगायचं. चार दिवसांत गाव दुसऱ्या विषयाकडे वळतं.

याच्या उलट टोकाची चूकही तेवढीच वाईट. निकालाच्या संध्याकाळीच कोणीतरी कलाम साहेबांची गोष्ट सांगायला बसतं. ती गोष्ट खरी आहे. वायुदलाच्या निवडीत त्यांचा नववा क्रमांक आला आणि जागा आठच होत्या. पण ती ऐकण्याचीही एक वेळ असते. त्या रात्री पोराला राष्ट्रपती व्हायचं नसतं, त्याला ती वर्दी हवी असते आणि ती गेलेली असते. रडू द्या. जेवायला सोबत बसवा. 'मर्दासारखा वाग' असं त्या रात्री तरी म्हणू नका. दुसऱ्या दिवसापासून मात्र पहाटेचं धावणं बंद पडू देऊ नका, अर्धं अंतर का होईना. गावातली भरतीची पोरं रस्त्यावर असतातच, त्यांच्यात मिसळलं की दिवस सुरू होतो.

दोन-तीन आठवडे उलटूनही पोरगं नीट झोपत नसेल, जेवत नसेल, 'माझ्यामुळे घर बुडालं' असं म्हणत असेल, तर ते नुसतं नाराज होणं नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मरणाची भाषा आली तर एक तासही वाट पाहू नका, त्याला एकटं सोडू नका, आणि फवारणीचं औषध घरात असेल तर ते कुलपात किंवा घराबाहेर हलवा. आपल्या भागात हे लिहिणं मला टाळता येत नाही.

वयाचा हिशेब न करणं, आणि मुलींची घाई

अभ्यासक्रम सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस. परीक्षा वर्षातून दोनदा, बारावीत असतानाही देता येते. जाहिरातीतल्या जन्मतारखा आपल्या दाखल्याशी जुळवून किती संधी उरल्या ते मोजा. कितीदा बसायचं यावर वयाखेरीज बंधन नाही. पण त्यासाठी नुसतं घरी बसून वर्ष घालवू नका, पदवीला प्रवेश घ्या आणि सोबत परीक्षा द्या. संधी संपल्या तरी पदवीनंतर सीडीएस या परीक्षेतून डेहराडून किंवा चेन्नईच्या लष्करी अकादमीत जाता येतं, वायुदलासाठी एएफकॅट ही परीक्षा आहे, आणि एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असलं तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीची वाट उघडते. अग्निवीर म्हणून जायचं असेल तर जरूर जा, पण चार वर्षांची मुदत आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे कायम घेतात हे समजून, शांत डोक्यानं. रागाच्या भरात नको.

मुलींना एनडीएचं दार २०२२ मध्ये उघडलं, आणि पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याहून बाहेर पडली. त्यात १७ मुली होत्या. तरी आमच्याकडे मुलीची एक परीक्षा हुकली की आत्या-मावश्यांचे फोन येतात. मुलाला 'पुन्हा बस' म्हणणारा बाप मुलीला 'आता पुरे' म्हणतो. एनडीएला अविवाहित असावं लागतं, तेव्हा एका निकालावरून लग्न ठरवलं तर तिच्या उरलेल्या सगळ्या संधी त्याच दिवशी संपतात. तिचंही वय मोजा, तिच्याही संधी लिहा, आणि तो कागद पाहुण्यांच्या आधी घरच्यांपुढे ठेवा.

कॉलेज निवडताना तिथे एनसीसीची तुकडी आहे का आणि त्यात मुलींना घेतात का, हे प्रवेशाआधी विचारा. नोंदणी पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच होते. ती चुकली तर तीन वर्षांत 'सी' प्रमाणपत्रापर्यंत पोचणं कठीण जातं.