चकतीच्या शस्त्रक्रियेनंतर स्त्री व पुरुष रुग्णांनी आपले जीवनमान कसे मोजावे

कमरेच्या मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूवर दाब आला की पायात कळा येतात. मायक्रोडिसेक्टॉमी किंवा दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेत लहान छेदातून तो दाब काढला जातो. त्यानंतर आपण किती सुधारलो, हे नुसत्या आठवणीवर ठरवू नये, कारण वेदना ओसरली की तिची तीव्रता नेमकी आठवत नाही. म्हणून वेदना व दैनंदिन कामांविषयीची ठरावीक प्रश्नावली भरून पहिली नोंद शस्त्रक्रियेपूर्वीच करावी आणि पुढे सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने व एक वर्ष या टप्प्यांवर तीच प्रश्नावली पुन्हा भरावी.

कंबरदुखीमुळे येणारी अक्षमता मोजणारी ऑस्वेस्ट्री निर्देशांक ही प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. त्यात वेदना, स्वतःची कामे, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, लैंगिक जीवन, सामाजिक जीवन आणि प्रवास असे 10 विभाग असून प्रत्येकाला 0 ते 5 गुण असतात. मिळालेल्या गुणांना उत्तर दिलेल्या विभागांच्या कमाल गुणांनी भागून 100 ने गुणावे. समजा, नऊच विभाग भरले आणि बेरीज 18 आली, तर 45 पैकी 18 म्हणजे 40 टक्के अक्षमता होय. पुढच्या खेपेस तीच बेरीज 9 आली, तर ती 20 टक्क्यांवर उतरली. या टक्केवारीत साधारण 10 अंकांची घट रुग्णाला जाणवण्याजोगी मानतात. सोबत पायातील आणि कमरेतील वेदनेला 0 ते 10 या पट्टीवर वेगवेगळे गुण द्यावेत. शस्त्रक्रियेचा मुख्य लाभ पायाच्या वेदनेला होतो. कंबरदुखी तितकी हटेलच असे नाही, तर बधिरपणा जायला कित्येक महिने लागू शकतात.

आता स्त्री-पुरुष फरकाविषयी, कारण येथेच आकड्यांचा अर्थ सर्वाधिक चुकतो. अनेक पाहण्यांत स्त्रिया शस्त्रक्रियेपूर्वीच अधिक वेदना आणि अधिक अक्षमता नोंदवतात आणि शस्त्रक्रियेनंतरही त्यांचे गुण सरासरीने काहीसे वाईट राहतात. मात्र आरंभापासून झालेली सुधारणा दोघांत बरीचशी सारखी असते. म्हणून 60 टक्के अक्षमतेवरून 30 वर आलेल्या स्त्रीने 40 वरून 15 वर आलेल्या पुरुषाशी तुलना करून आपली शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. त्याच वेळी, उरलेल्या वेदनेला ‘बायकांना असे होतेच’ म्हणून बाजूला सारणेही माझ्या मते अक्षम्य आहे. गुण सुधारत नसतील, तर स्त्रीची तपासणी पुरुषाइतक्याच कसोशीने व्हायला हवी.

लैंगिक जीवनाचा विभाग संकोचामुळे बरेच जण रिकामा सोडतात. तो भरावा, कारण संबंध पुन्हा केव्हा सुरू करावेत आणि कोणत्या स्थितीत कमरेवर ताण कमी येतो, हे शल्यचिकित्सक किंवा फिजिओथेरपिस्ट सांगू शकतात, आणि हा प्रश्न दोघांनीही विचारावा. गर्भधारणेचा विचार असल्यास तोही आधीच सांगावा.

‘नेहमीची कामे जमतात का’ या प्रश्नाचा अर्थ प्रत्येकाने आपल्या दिनक्रमानुसार लावावा. लहान मूल उचलणे, वाकून फरशी पुसणे किंवा आजारी माणसाला उठवून बसवणे ही वजनाचीच कामे आहेत, ती घरातली म्हणून नोंदीतून सुटू नयेत; पगारी कामावर रुजू झाल्याची तारीख तेवढी लिहून भागत नाही. झोप, उदासी आणि पुन्हा दुखेल ही भीती यांच्याही नोंदी ठेवाव्यात, आणि ‘सहन होते’ असे म्हणण्याची सवय असलेल्या पुरुषांनी त्या विशेष प्रामाणिकपणे कराव्यात.

काही लक्षणांच्या बाबतीत प्रश्नावलीची वाट पाहू नये. जननेंद्रियाभोवती किंवा गुदद्वाराभोवती बधिरता येणे, लघवी अडणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, लैंगिक संवेदना किंवा ताठरता अचानक नाहीशी होणे अथवा पायांची ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. जखमेतून स्राव, ताप किंवा पायात परतलेली तीव्र कळ असल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना कळवावे.