निवृत्तिवेतनातून जादा कापलेला प्राप्तिकर परत कसा मिळवावा

निवृत्तीच्या वर्षी काही महिने वेतन आणि पुढे निवृत्तिवेतन असे उत्पन्न दोन ठिकाणांहून येते. त्या दोघांचे हिशेब वेगवेगळे असल्याने करकपात हमखास कमी-जास्त होते. थकबाकी एकरकमी मिळाली, बँकेला आपली गुंतवणूक किंवा जुन्या-नव्या करप्रणालीची निवड कळवायची राहून गेली, किंवा पॅन आधारशी जोडलेले नसल्यामुळे चढ्या दराने कपात झाली, तर जादा कर जातो. ही रक्कम एकदा सरकारजमा झाली की बँक ती परत देऊ शकत नाही. त्यासाठी विवरणपत्रच भरावे लागते. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्याने विवरणपत्र भरणे बंधनकारक नसले, तरी परतावा हवा असेल तर ते भरल्यावाचून गत्यंतर नाही, आणि अनेक ज्येष्ठांचे हक्काचे पैसे नेमके इथेच अडकून राहतात.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी जुन्या कार्यालयाकडून आणि निवृत्तिवेतन देणाऱ्या बँकेकडून, असे दोन्ही फॉर्म १६ (मिळालेली रक्कम आणि त्यातून कापलेला कर यांचे दाखले) मागून घ्यावेत. त्यांतील कपातीचे आकडे प्राप्तिकर पोर्टलवरील फॉर्म २६एएसशी, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या नोंदीशी, ताडून पाहावेत. कापलेली रक्कम तिथे दिसत नसेल, तर आधी कापणाऱ्याकडून त्याचे टीडीएस (उगमस्थानी करकपात) विवरणपत्र दुरुस्त करून घ्यावे, अन्यथा परतावा अडकतो.

हिशेब करताना प्रमाणित वजावट (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम) दोनदा धरू नये. ती नव्या प्रणालीत ७५,००० आणि जुन्या प्रणालीत ५०,००० रुपये असून वेतन व निवृत्तिवेतन मिळून एकदाच मिळते. नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न नसल्यास, करसवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे केवळ निवृत्तिवेतन असणाऱ्याला १२.७५ लाखांपर्यंत कापलेला सगळा कर परत मिळू शकतो. जुनी प्रणाली फायद्याची ठरत असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरावे, कारण उशिरा भरणाऱ्यास ती निवडता येत नाही. सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणातून (काही भाग आगाऊ एकरकमी घेण्यातून) मिळालेली रक्कम पूर्ण करमुक्त असते, ती उत्पन्नात मिळवली गेलेली नाही ना, हे अवश्य पाहावे. एकरकमी मिळालेल्या थकबाकीवरील करसवलत हवी असल्यास विवरणपत्राच्या आधी फॉर्म १०ई भरणे आवश्यक आहे. तो राहून गेला तर सवलत नाकारली जाते.

परतावा ज्या बँक खात्यात हवा, ते पोर्टलवर आधीच पडताळून ठेवावे, आणि खात्यावरील नाव पॅनवरील नावाशी जुळते का ते तपासावे. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने त्याची पडताळणी करावी. ही पायरी चुकली तर विवरणपत्र ग्राह्य धरले जात नाही.

त्यानंतर विभागाकडून हिशेबाची सूचना ई-मेलवर येते. तीत आपला आणि विभागाचा आकडा शेजारी शेजारी असतात, त्यामुळे ती वाचल्याशिवाय सोडू नये. मागील वर्षाची कराची थकबाकी दाखवून परतावा वळता करण्याचा प्रस्ताव आला आणि तो मान्य नसेल, तर दिलेल्या मुदतीत पोर्टलवरच हरकत नोंदवावी. मुदतीत भरलेल्या विवरणपत्राच्या परताव्यावर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते, मात्र परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असल्यास ते मिळत नाही, आणि मिळालेले व्याज करपात्र असते.

मागील एखाद्या वर्षाचे विवरणपत्रच भरायचे राहिले असेल, तर त्या करनिर्धारण वर्षाच्या (संबंधित आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) अखेरीपासून ५ वर्षांच्या आत, उशिराचे सबळ कारण देऊन, विलंब माफीचा अर्ज करता येतो.