प्रश्नात एक शब्द, उताऱ्यात दुसराच: आयेल्ट्स रीडिंगच्या तयारीबद्दल

आयेल्ट्स ही इंग्रजी किती येतं ते तपासणारी परीक्षा. तिच्या ॲकॅडेमिक प्रकारातल्या रीडिंगमध्ये, म्हणजे वाचनाच्या पेपरमध्ये, तीन उतारे असतात, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं. तिन्ही उतारे मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द होतात. पहिल्यांदा तयारीला बसणारा प्रत्येक जण म्हणतो, 'माझी व्होकॅब कच्ची आहे.' मग हजार शब्दांची यादी डाउनलोड होते, आठवडाभर पाठांतर चालतं आणि सराव परीक्षेतले मार्क होते तिथेच राहतात. मी स्वतः ही परीक्षा दिली, नंतर पुण्यातल्या अभ्यासिकेत बऱ्याच जणांबरोबर बसून उतारे सोडवले. त्यावरून माझं ठाम मत झालंय की गाडी अडते ती शब्दसंग्रहापेक्षा शोधायच्या पद्धतीत.

शाळेपासून आपल्याला एक सवय लागलेली असते. प्रश्नात 'रिव्हर' आलं की उताऱ्यात 'रिव्हर' शोधायचं, ते वाक्य उचलायचं आणि उत्तर म्हणून लिहून टाकायचं. दहावी-बारावीला तेवढ्यावर बरंच भागतं. आयेल्ट्सचा पेपर काढणारा नेमका हाच रस्ता बंद करतो. उताऱ्यातलं वाक्य तो प्रश्नात नव्या शब्दांत मांडतो, आणि प्रश्नातला शब्द जसाच्या तसा उताऱ्यात दिसलाच तर बऱ्याचदा तो चुकीच्या परिच्छेदात ठेवलेला असतो. म्हणून नवख्यांना मी पहिली गोष्ट सांगतो: प्रश्नातला शब्द उताऱ्यात सहज सापडला, तर लगेच खूश होऊ नका. आधी पूर्ण वाक्य वाचा.

हे उदाहरणाशिवाय कळत नाही. सरावासाठी मी एक छोटा उतारा तयार केला होता, आपल्या मुंबईतल्या कापसाच्या तेजीवर. तो असा:

'द अमेरिकन सिव्हिल वॉर स्टार्व्ड द मिल्स ऑफ लँकाशायर ऑफ रॉ कॉटन, अँड ॲज अ रिझल्ट बॉम्बे मर्चंट्स रीप्ड इनॉर्मस प्रॉफिट्स. मच ऑफ धिस मनी वॉज पोअर्ड इन्टू द शेअर्स ऑफ न्यू बँक्स अँड रेक्लमेशन कंपनीज. व्हेन पीस रिटर्न्ड इन १८६५, कॉटन प्रायसेस कोलॅप्स्ड ऑलमोस्ट ओव्हरनाइट अँड मेनी स्पेक्युलेटर्स वेअर रूइन्ड.'

आता याच्यावर ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन प्रकारची चार विधानं घेऊ. विधान उताऱ्याशी जुळलं तर ट्रू, उताऱ्याच्या विरुद्ध गेलं तर फॉल्स, आणि उताऱ्यावरून दोन्ही ठरवता येत नसेल तर नॉट गिव्हन.

पहिलं: 'ट्रेडर्स इन बॉम्बे गेन्ड फायनान्शियली फ्रॉम अ कॉन्फ्लिक्ट ओव्हरसीज.' 'बॉम्बे' सोडलं तर या विधानातला एकही महत्त्वाचा शब्द उताऱ्यात नाही. मर्चंट्सचे ट्रेडर्स झाले, वॉरचं कॉन्फ्लिक्ट झालं, रीप्ड प्रॉफिट्सचं गेन्ड फायनान्शियली. हे तीन बहुतेकांना ओळखू येतात. चौथा बदल मात्र निसटतो: 'अमेरिकन'च्या जागी 'ओव्हरसीज' आलंय. देशाचं नाव काढून नुसतं 'परदेशातलं' म्हटलंय. शब्दकोशात हे दोन शब्द कधीच शेजारी सापडणार नाहीत, पण या वाक्यात ते एकाच गोष्टीबद्दल बोलतात. उत्तर ट्रू.

दुसरं: 'कॉटन बिकेम ग्रॅज्युअली चीपर आफ्टर द वॉर.' युद्धानंतर कापूस स्वस्त झाला, इथपर्यंत सगळं जुळतं. घाई करणारा इथेच ट्रू ठोकतो. पण उताऱ्यात 'ऑलमोस्ट ओव्हरनाइट' आहे आणि विधानात 'ग्रॅज्युअली'. भाव कोसळले, हळूहळू उतरले नाहीत. उत्तर फॉल्स, आणि ते ठरवलं एका क्रियाविशेषणाने.

तिसरं: 'मोस्ट इन्व्हेस्टर्स लॉस्ट देअर मनी.' अभ्यासिकेत सगळ्यात जास्त वाद या विधानावर झाला. स्पेक्युलेटर्स म्हणजे इन्व्हेस्टर्स धरू, रूइन्ड म्हणजे पैसे बुडाले हेही मान्य. पण उतारा 'मेनी' म्हणतो. मेनी म्हणजे पुष्कळ, मोस्ट म्हणजे निम्म्याहून जास्त. पुष्कळ जण बुडाले म्हणून बहुसंख्य बुडाले असं सिद्ध होत नाही. बरं, बहुसंख्य वाचले असंही उतारा कुठे म्हणत नाही, त्यामुळे फॉल्सही लिहिता येत नाही. उत्तर नॉट गिव्हन.

चौथं: 'वन ऑफ दीज मर्चंट्स पेड फॉर अ युनिव्हर्सिटी टॉवर.' मुंबईची माहिती असलेल्याला लगेच प्रेमचंद रायचंद आठवतात. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरसाठी त्यांनी देणगी दिली आणि मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव आहे, ही माहिती खरीच आहे. पण उताऱ्यात त्याबद्दल अक्षर नाही, म्हणून उत्तर नॉट गिव्हन. वाचन आणि सामान्यज्ञान चांगलं असलेली मुलं इथे हमखास अडकतात. या पेपरपुरतं जग म्हणजे तो उतारा.

या चार विधानांवर इतका वेळ घालवला, कारण कुठले शब्द बदलले तरी चालतात आणि कुठल्या शब्दांनी उत्तरच फिरतं, हे त्यात दिसतं. नाम आणि क्रियापद बदललं तरी अर्थ टिकू शकतो. सम, मेनी, मोस्ट, ओन्ली, मेनली, ऑल्वेज, फर्स्ट हे शब्द बदलले तर थांबा आणि दोन्ही वाक्यं पुन्हा वाचा. मी सरावात अशा शब्दांना गोल करायचो आणि बाकीच्यांखाली साधी रेघ ओढायचो.

मग उताऱ्यात शोधायचं तरी काय? काही गोष्टी सहसा बदलल्या जात नाहीत: माणसांची आणि गावांची नावं, सालं, शास्त्रीय संज्ञा. त्या हाताशी धरून योग्य जागी पोचायचं आणि तिथल्या आजूबाजूच्या दोन-तीन ओळी सावकाश वाचायच्या. आकड्यांवर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका. ट्वेंटी पर्सेंटचं 'अ फिफ्थ' होतं, शंभर वर्षांची 'अ सेंच्युरी' होते.

समानार्थी शब्द हा सगळ्यात सोपा प्रकार, त्यावर जास्त बोलत नाही. खरी मेहनत लागते ती विशेषाकडून सामान्याकडे जाणाऱ्या बदलाला, वर 'अमेरिकन'चं 'ओव्हरसीज' झालं तशा. उताऱ्यात 'गोट्स अँड शीप' असतं, प्रश्नात 'लाइव्हस्टॉक'. उताऱ्यात पाणी भरणं आणि स्वयंपाक, प्रश्नात 'डोमेस्टिक चोअर्स'. पेपर काढणारा वस्तूंची नावं काढून त्या सगळ्यांना मावेल असा मोठा शब्द ठेवतो. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा: प्रश्नात असा मोठा शब्द दिसला की उताऱ्याकडे जाण्याआधीच दोन-तीन अंदाज बांधायचे. 'फायनान्शियल डिफिकल्टीज' वाचलं की मनात म्हणायचं, कर्ज असेल, थकलेला पगार असेल, दिवाळं असेल. मग उताऱ्यात 'डेट' किंवा 'अनपेड वेजेस' दिसलं की डोळा आपोआप थांबतो. सुरुवातीला याला वेळ लागतो, पण सराव झाला की दोन-तीन सेकंदांचं काम आहे.

दुसरा त्रासदायक प्रकार नकाराचा. 'नॉट अनकॉमन' म्हणजे बऱ्यापैकी आढळणारं. 'फार फ्रॉम सर्टन' म्हणजे खात्री नाही. 'फेल्ड टू कन्व्हिन्स' यात नॉट कुठेच नाही, तरी अर्थ नकारार्थी. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतला फरक एका अक्षराचा, पण पहिल्याचा कल 'जवळजवळ कोणीच नाही' याकडे आणि दुसऱ्याचा 'काही जण आहेत' याकडे. भरभर वाचताना 'हार्डली' हा शब्द 'हार्ड'सारखा वाटतो आणि मेहनतीचा अर्थ लावला जातो, प्रत्यक्षात तो 'जेमतेम' किंवा 'क्वचितच' असा असतो. अशी वाक्यं आली की मी मनातल्या मनात त्यांचं साधं सरळ मराठी करून घ्यायचो. ही सवय फक्त या वाक्यांपुरतीच ठेवा. अख्खा उतारा मराठीत आणायला गेलात तर साठ मिनिटं पुरणार नाहीत.

कारण आणि परिणाम यांच्या वाक्यातल्या क्रमाची उलटापालट हाही नेहमीचा डाव. उताऱ्यात 'ओइंग टू द ड्रॉट, फार्मर्स मूव्ह्ड टू टाउन्स', प्रश्नात 'मायग्रेशन वॉज कॉज्ड बाय अ लॅक ऑफ रेन'. इथे मूव्ह्ड या क्रियापदाचं मायग्रेशन हे नाम झालं आणि वाक्याची दिशा फिरली, पण कशामुळे काय झालं ते तसंच राहिलं. ते उलटं झालं असेल तर सापळा समजा.

प्रश्नप्रकारानुसार शोधाची रीत बदलते. ट्रू-फॉल्समध्ये उत्तरं उताऱ्यात प्रश्नांच्याच क्रमाने येतात. दुसऱ्याचं आणि चौथ्याचं ठिकाण सापडलं की तिसऱ्याचं त्यांच्या मध्येच असणार. कोणती माहिती कोणत्या परिच्छेदात आहे हे विचारणाऱ्या प्रश्नाला हा क्रम नसतो, म्हणून तो मी त्या उताऱ्यातले बाकीचे प्रश्न झाल्यावर घ्यायचो, तोवर उतारा ओळखीचा झालेला असतो. समरी कम्प्लीशनमध्ये, म्हणजे सारांशातल्या गाळलेल्या जागा भरताना, शब्दांची यादी दिलेली नसेल तर भरायचा शब्द उताऱ्यातूनच जसाच्या तसा घ्यायचा असतो, बदललेले असतात ते गाळलेल्या जागेच्या आजूबाजूचे शब्द. तिथे 'नो मोअर दॅन टू वर्ड्स' लिहिलं असेल आणि तुम्ही तीन लिहिले तर मार्क गेला. स्पेलिंग चुकलं तरीही गेला. परिच्छेदांना हेडिंग्ज जुळवताना ज्या हेडिंगमधला शब्द परिच्छेदात वारंवार येतो त्याच्याकडे संशयाने बघा. परिच्छेदात तीनदा टूरिझम असू शकतं आणि मुद्दा पाणीटंचाईचा असू शकतो.

हजार शब्दांच्या यादीऐवजी एक वही करा, असं मी सगळ्यांना सांगतो. सराव परीक्षा सोडवून उत्तरं तपासली की काम संपलं असं समजू नका. प्रत्येक प्रश्नासाठी डावीकडे उताऱ्यातले नेमके शब्द आणि उजवीकडे प्रश्नातले शब्द लिहा. तिसऱ्या रकान्यात बदल कुठल्या प्रकारचा ते लिहा: समानार्थी, मोठा शब्द, नकार, नाम-क्रियापद, उलटापालट. बरोबर आलेल्या उत्तरांसाठीही लिहा, कारण त्यातली काही अंदाजाने बरोबर आलेली असतात. एक पेपर सोडवायला तास लागला तर या कामाला दोन लागतील, आणि माझ्या मते खरा अभ्यास या दोन तासांतच होतो. आठ-दहा पेपरांची अशी वही झाली की तेच तेच प्रकार पुन्हा येताना दिसतात आणि पेपरची भीती बरीच कमी होते.

पेपर संपले असतील तर एकाच दिवसाची एकच बातमी दोन इंग्रजी वर्तमानपत्रांत वाचा. एकाने 'स्लॅश्ड' लिहिलं तिथे दुसऱ्याने काय लिहिलंय, एकाने मंत्र्याचं नाव दिलं तिथे दुसऱ्याने 'द गव्हर्नमेंट' म्हटलंय का, हे बघून वहीत टाका. फुकटातला आणि रोज मिळणारा सराव आहे.

कॉम्प्युटरवर परीक्षा देणार असाल तर उतारा डावीकडे आणि प्रश्न उजवीकडे दिसतात, आणि मजकूर निवडून हायलाइट करता येतो. फक्त नावं, सालं आणि ते गोल करायचे शब्द तेवढे रंगवा. सगळंच पिवळं केलं तर काहीच दिसत नाही. कागदावरची परीक्षा उपलब्ध असेल आणि तीच देणार असाल तर ध्यानात ठेवा, रीडिंगला उत्तरपत्रिकेवर उतरवण्यासाठी वेगळा वेळ मिळत नाही, तेही त्याच ६० मिनिटांत बसवायचं. प्रत्येक उत्तराला एक मार्क आहे आणि चुकीला मार्क कापत नाहीत, म्हणून एखादं बदललेलं वाक्य दीड मिनिटात सापडलं नाही तर अंदाजाने काहीतरी लिहून खूण करा आणि पुढच्या प्रश्नाला लागा.