फवारणी करूनही अळी मरत नाही? बाटली बदलण्याआधी हे करा

फवारून चार दिवस झाले, पान उलटलं तर अळी तशीच जिवंत, खाली ताजी विष्ठा. अशा वेळी मनात दोनच गोष्टी येतात: डोस वाढवू, नाहीतर दुसरं औषध आणू. दोन्हींची घाई नको. कदाचित दोष औषधाचा नसून फवारणीचा असेल. आणि अळीत खरंच प्रतिकारक्षमता आली असेल, तर न तपासता केलेले हे दोन्ही उपाय ती आणखी वाढवतात.

"अळीला औषधाची सवय झाली" असं आपण सहज म्हणतो, पण ते खरं नाही. एकाच अळीला तिच्या आयुष्यात सवय होत नाही. हजारोंमधल्या काही मोजक्या अळ्यांच्या अंगात ते विष मोडून टाकण्याची किंवा त्याला दाद न देण्याची शक्ती जन्मतःच असते. फवारणीत बाकीच्या मरतात, त्या उरतात, त्यांचे पतंग होतात आणि एकेक मादी शेकडो अंडी घालते. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग यात सगळ्यांत पुढे आहे. जावा बेटावर त्याने डीडीटी या जुन्या कीटकनाशकाला दाद दिली नाही, याची नोंद १९५३ सालची आहे.

आधी फवारणी तपासा

नोझल झिजलं आहे का? पानाची खालची बाजू भिजली होती का? फवारणीनंतर लगेच पाऊस आला का? अळी केवढी होती? मोठी झालेली घाटेअळी लहान अळीच्या मानाने कितीतरी चिवट असते, आणि एकदा ती फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. उरलेल्या अळ्या अगदी बारीक असतील, तर त्या फवारणीनंतर अंड्यांतून निघाल्या असण्याची शक्यता जास्त.

औषध काम कसं करतं हेही लक्षात घ्या. नोव्हाल्युरॉनसारखं औषध अळी कात टाकताना मारतं, त्याला दिवस लागतात. क्लोरअँट्रानिलिप्रोलने अळीचं खाणं काही तासांत थांबतं, पण ती दोन-चार दिवस पानावर दिसत राहते. म्हणून दुसऱ्या दिवशी जिवंत अळ्या मोजू नका, पानावर नवीन कुरतडलेलं दिसतं का ते बघा.

मग प्लास्टिकच्या कपांमध्ये चाचणी घ्या

शेताच्या वेगवेगळ्या भागांतून एकाच आकाराच्या, मध्यम वाढीच्या साठेक अळ्या गोळा करा. न फवारलेली पानं घ्या. हातमोजे घालून औषध लेबलवरच्या प्रमाणातच पाण्यात मिसळा. पान त्यात दहा सेकंद बुडवा आणि सावलीत वाळू द्या. काही पानं नुसत्या पाण्यात बुडवा. ही तुलनेची पानं कधीही गाळू नका, त्यांच्याशिवाय चाचणीला अर्थ नाही. चाळीस अळ्या औषधाच्या पानांवर, वीस पाण्याच्या पानांवर ठेवा. घाटेअळ्या एकमेकींना खातात, म्हणून एका कपात एकच. झाकणाला बारीक छिद्रं पाडा आणि कप उन्हात ठेवू नका.

७२ तासांनी बघा. क्लोरअँट्रानिलिप्रोलच्या गटासाठी ९६ तास थांबा, आणि कात टाकताना मारणाऱ्या औषधांसाठी त्याहूनही जास्त. मऊ ब्रशने अळीला हलकेच उताणं करा. तिला पुन्हा सरळ होता आलं नाही, तर ती मेलेल्यांत धरा.

समजा औषधाच्या पानांवर ४० पैकी २८ मेल्या, म्हणजे ७० टक्के. पाण्याच्या पानांवर २० पैकी २, म्हणजे १० टक्के. ७० मधून १० वजा करा, आलेल्या ६० ला ९० ने भागा (शंभरातून ते १० वजा करून उरलेले) आणि शंभराने गुणा. औषधाचा खरा परिणाम निघाला सुमारे ६७ टक्के. पाण्यावरच २० टक्क्यांहून जास्त मेल्या तर चाचणी रद्द समजा आणि पुन्हा करा.

कपांमध्ये जवळपास सगळ्या मेल्या तर चूक फवारणीत शोधा. पूर्ण डोसातही बऱ्याच जगल्या तर प्रतिकाराचा संशय पक्का धरा. त्या गटाचं औषध थांबवा आणि नमुने कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेला दाखवा.

नाव नाही, गट बदला

सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. बाटली नवी, कंपनी नवी, पण आतलं औषध त्याच गटातलं! आयआरएसी ही कीटकांच्या प्रतिकारावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था औषधं अळीच्या शरीरात कुठे घाव घालतात त्यावरून त्यांना गट क्रमांक देते. क्लोरअँट्रानिलिप्रोल, सायअँट्रानिलिप्रोल आणि फ्लुबेंडियामाइड तिन्ही गट २८. एमामेक्टिन ६, स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम ५, इंडोक्साकार्ब २२, नोव्हाल्युरॉन आणि लुफेन्युरॉन १५, सायपरमेथ्रिन ३. घाव घालण्याची जागाच अळीत बदलली, तर त्या गटातली बाकीची औषधंही लंगडी पडतात. लेबलवर क्रमांक नसेल तर सक्रिय घटकाचं, म्हणजे अळी मारणाऱ्या मूळ रसायनाचं नाव वाचून गट शोधा. तयार मिश्रणात दोन घटक असतील तर दोन्ही गट वापरले असंच धरा.

पिढी मोजून आलटून पालटून वापरा

उबदार हवेत घाटेअळीची एक पिढी साधारण महिन्याची असते, चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची दोन-तीन आठवड्यांची. एका पिढीच्या काळात एक गट वापरा, तोही लेबलवर सांगितलेल्या फवारण्यांच्या आत. पुढच्या पिढीला तो गट अजिबात नको. एकाच पिढीवर चार गट मारून टाकले, तर पुढच्या पिढीसाठी हातात काहीच उरत नाही. पतंग उडत जातो, त्यामुळे शेजारच्या शेतांशी ठरवून एकच वेळापत्रक पाळलं तरच याचा पुरेपूर उपयोग होतो.

फवारण्या कमी होतील तेवढा निवडीचा दाब, म्हणजे फक्त चिवट अळ्याच मागे उरण्याचा प्रकार, कमी होतो. कामगंध सापळ्यांत (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) पतंग वाढले की झाडं तपासा, नुकसानीची पातळी गाठली तरच फवारा. अळ्या बारीक असतानाच एनपीव्ही हा अळ्यांना रोग लावून मारणारा विषाणू फवारा. पीक निघाल्यावर नांगरट करून जमिनीतले कोष वर आणा.

एक वही ठेवा: तारीख, घटकाचं नाव, गट क्रमांक, अळीचा आकार, फवारणीआधी वीस झाडांवर मोजलेल्या अळ्या आणि पाचव्या दिवशी त्याच झाडांवर मोजलेल्या. झाडांना सुतळी बांधून ठेवा, म्हणजे दुसऱ्यांदा मोजताना तीच सापडतात.