फिनलंडला नवीन आलात? मॉल मग पाहा, आधी जंगलात जा

गावाकडून आता बरेच जण येऊन राहिले इकडं, कोणी पुसदचा, कोणी ब्रह्मपुरीचा, बायको-लेकरांना घेऊन येतात, अन सगळ्यांचा प्रश्न एकच की शनिवार-रविवार करायचं काय. हेलसिंकीचे मॉल दोन चकरांत संपतात अन खिसाही रिकामा होतो. मी गडचिरोलीकडचा माणूस, मी तर जंगलच सांगणार.

इथं जंगल सरकारी असो की खाजगी, पायी फिरायला, बेरी अन मशरूम वेचायला कोणाला विचारावं लागत नाही, पावती नाही अन नाकेदारही नाही. आपल्याकडं गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्ये, तोही २००६ चा वनहक्क कायदा आला म्हणून, अन इथं परवा विमानातून उतरलेल्या माणसालाही हा हक्क आहे, याचं मला अजूनही नवल वाटते. पण म्हणून काहीही करायचं नाही बाप्पा. कोणाच्या अंगणात शिरायचं नाही, पीक उभं असलेल्या वावरात पाय टाकायचा नाही, झाडाची फांदी किंवा शेवाळ तोडायचं नाही, अन जमीनमालकाची परवानगी नसताना विस्तव पेटवायचा नाही. वणव्याचा इशारा लागला असला तर उघडा विस्तव बंद म्हणजे बंद.

सुरुवात नुक्सिओ राष्ट्रीय उद्यानापासून करा, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरातून साधी सिटी बस जाते. तिथं विस्तवासाठी ठरवून दिलेल्या जागा आहेत, लाकूडही ठेवलेलं असते, फुकट. बाकीचे लोक सॉसेज भाजतात, आम्ही वांगे भाजतो अन कांद्याची पात, हिरवी मिरची टाकून तिथंच भरीत कालवतो. सगळे पाहत राहतात, विचारत मात्र कोणी नाही, फिनिश माणूस तसाच.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत निळी बेरी, तिला इथं मुस्तिक्का म्हणतात. मोहफुलं वेचलेल्या माणसाला हे काम काय शिकवायचं, फरक एवढाच की पहाटे मोहाखाली वाघाची धाकधूक असते अन इथं नाही. देशात अस्वल आहे, पण हेलसिंकीच्या बाजूला क्वचितच. तरी माझी बायको वाकून वेचता वेचता मधेच मागं वळून पाहतेच.

खरा वैरी आहे गोचीड. ढोराच्या कानातली टम्म फुगलेली गोचीड डोळ्यापुढं आणू नका, ही खसखशीच्या दाण्याएवढीही असू शकते. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर लेकरांच्या काखा, मांड्या, गुडघ्यामागं, केसांत नीट पाहा, अन चिकटलेली असली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, तेल-रॉकेल काही लावू नका. नंतर त्या जागी लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरकडं जा, बोरेलिओसिस असू शकते, त्यावर अँटिबायोटिक आहे. गोचिडीमुळं मेंदूला सूज आणणारा दुसराही एक रोग होतो, त्यावर मात्र लस आहे, उन्हाळाभर बेटांवर अन समुद्रकाठी फिरणार असाल तर आधीच घेऊन ठेवा.

मशरूमच्या बाबतीत आपल्या लोकांची मला जास्त काळजी वाटते, कारण पावसात वारुळावरच्या सात्या खाऊन मोठे झालेलो आपण, पांढरी छत्री दिसली की हात आपोआप पुढं जाते. इथली एक पांढरीशुभ्र छत्री लिव्हर खलास करते, अन त्रास सुरू व्हायलाच कित्येक तास जातात, तोवर विष अंगात भिनलेलं असते. म्हणून पांढरी छत्री सोडूनच द्या, अन पहिल्या वर्षी पिवळी कांतारेली तेवढी शिका, तीही जाणकार माणूस सोबत असताना.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगतो. डिसेंबरात हेलसिंकीत दिवस सहा तासांचाही नसते, अंधारात पायी चालताना अंगावर रिफ्लेक्टर पाहिजे, कायदाच आहे. इथली पाळणाघरंही लेकरांना पावसात-थंडीत बाहेर काढतात, तेव्हा रबरी पँट अन बूट आल्या आल्या घ्या, सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळतात. गोठलेल्या तळ्यावर सगळे चालतात म्हणून तुम्हीही निघाल, तर लक्षात ठेवा, बर्फ टणक अन निदान पाच सेंटिमीटर जाड पाहिजे, अन वसंतात जाड दिसला तरी आतून भुसभुशीत झालेला असते. फोनमध्ये ११२ चं, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरचं ॲप टाकून ठेवा, त्यातून कॉल केला की तुमचं ठिकाण मदतवाल्यांना आपोआप कळते.

अन सप्टेंबरात पुओलुक्का नावाची लाल बेरी येते, आंबटढाण. मोहरी, तिखट, गूळ घालून तिचं लोणचं भारी होते, पण वेचायच्या आधी फ्रीझरमध्ये जागा करून ठेवा, बादली भरायला वेळ लागत नाही.